डेस्कटॉपचं वायफाय सारखं जातंय? आधी ते कुठे तुटतं ते शोधा

फोनवर व्हिडिओ सुरळीत चाललाय, शेजारच्या लॅपटॉपला काही अडचण नाही, आणि त्याच खोलीतल्या डेस्कटॉपचं नेट मात्र दर दहा मिनिटांनी जातंय. ही तक्रार घेऊन लोक माझ्याकडे येतात तेव्हा बहुतेकांनी राउटर चारदा बंद-चालू केलेला असतो, ड्रायव्हर (वायफायचं कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) काढून पुन्हा टाकलेला असतो, एखाद्याने तर विंडोजच नव्याने घातलेलं असतं. यातल्या कशाने काय फरक पडला हे कोणालाच सांगता येत नाही, कारण सगळं एकाच संध्याकाळी एकामागून एक केलेलं असतं.

नवख्यांना मला एवढंच कळकळीने सांगायचंय: दुरुस्तीला हात घालण्याआधी जोडणी कुठे तुटते ते शोधा, आणि मग एका वेळी एकच गोष्ट बदला. जवळ एक कागद ठेवा. नेट किती वाजता गेलं, तेव्हा काय चालू होतं, किती वेळाने परत आलं, इतकंच लिहीत जा. दोन दिवसांच्या नोंदींतून जे कळतं ते नुसत्या अंदाजाने आठवडाभरातही कळत नाही.

हवेत तुटतं की तारेत?

तुमच्या डेस्कटॉपपासून बाहेरच्या जगापर्यंत दोन टप्पे आहेत. पहिला डेस्कटॉप ते राउटर, हा हवेतून. दुसरा राउटर ते इंटरनेट कंपनी, हा बहुतेक ठिकाणी तारेतून. दोष कुठल्याही टप्प्यात असो, स्क्रीनवर सारखंच दिसतं: पान उघडत नाही. म्हणून आधी दोन्ही वेगळे करायचे. त्याला पिंग ही साधी आज्ञा पुरते. पिंग म्हणजे एक छोटा निरोप धाडायचा आणि उत्तर यायला किती मिलिसेकंद लागले ते बघायचं.

विंडोजवर कमांड प्रॉम्प्ट उघडा. आज्ञा मी इथे देवनागरीत लिहिते आहे, टाइप मात्र इंग्रजी अक्षरांत करायच्या. आधी 'आयपीकॉन्फिग' द्या. जो मजकूर येईल त्यात वायरलेस लॅन अडॅप्टरच्या खाली 'डिफॉल्ट गेटवे' अशी ओळ असते. तिच्यापुढचा आकडा म्हणजे राउटरचा पत्ता. घरगुती राउटरचा तो बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो. आता 'पिंग' लिहा, जागा सोडून तो पत्ता, पुन्हा जागा सोडून वजाचं चिन्ह आणि त्याला चिकटून 'टी' हे अक्षर. मग दुसरी खिडकी उघडा आणि तसंच पिंग ८.८.८.८ या पत्त्याला लावा. हा गूगलच्या सार्वजनिक डीएनएस सर्व्हरचा पत्ता आहे. लिनक्स आणि मॅकवर 'टी' लागत नाही, तिथे आपण थांबवेपर्यंत पिंग चालूच राहतं. कंट्रोल आणि सी दाबलं की थांबतं आणि किती निरोप हरवले त्याचा हिशेब देतं.

दोन्ही खिडक्या शेजारी शेजारी ठेवा, नेहमीचं काम सुरू ठेवा आणि नेट जाण्याची वाट बघा.

नेट गेलं आणि दोन्हीकडे 'रिक्वेस्ट टाइम्ड आउट' यायला लागलं, तर पहिल्या टप्प्यात गडबड आहे. त्याच क्षणी फोनचं वायफाय चालतंय का तेही बघून घ्या. फोनही अडकला असेल तर संशय राउटरवर जातो, फोन चालत असेल तर डेस्कटॉपवर. राउटर उत्तर देतोय पण ८.८.८.८ गप्प आहे, असं दिसलं तर तुमचं वायफाय धडधाकट आहे. पुढचं सगळं वाचायची गरज नाही, त्या वेळांची नोंद घेऊन इंटरनेट कंपनीकडे तक्रार करा. दोन्ही पत्ते उत्तर देतायत तरी साइट उघडत नाहीत, तर नावावरून पत्ता शोधून देणारी डीएनएस सेवा अडली असण्याची शक्यता मोठी. नेटवर्कच्या सेटिंगमध्ये डीएनएस म्हणून ८.८.८.८ किंवा क्लाउडफ्लेअरचा १.१.१.१ भरून बघा.

इथे एक बारकावा आहे, आणि तो नीट लक्षात घ्या. त्याच खोलीतल्या राउटरकडून उत्तर साधारण १ ते ५ मिलिसेकंदांत यायला हवं. ते मध्येच २०० वर, ४०० वर जाऊन पुन्हा खाली येत असेल, तर एकही निरोप हरवला नसला तरी जोडणी निरोगी नाही. वायफायमध्ये पाकीट पोचल्याची पावती आली नाही की पाठवणारा तेच पाकीट आपणहून पुन्हा पाठवतो. त्यामुळे खराब हवा आधी उशीर म्हणून दिसते आणि फार बिघडल्यावरच 'टाइम्ड आउट' म्हणून. आकड्यांच्या या उड्या म्हणजे आगाऊ सूचना समजा.

अँटेना कुठे आहे ते वाकून बघा

दोष पहिल्या टप्प्यात आणि तोही डेस्कटॉपकडे, असं ठरलं की लोक लगेच ड्रायव्हरकडे धावतात. थांबा. आधी टेबलाखाली वाका.

लॅपटॉपचे अँटेना बहुतेक वेळा पडद्याच्या चौकटीत असतात, म्हणजे उंचावर आणि मोकळ्या हवेत. डेस्कटॉपचे असतात कॅबिनेटच्या मागच्या बाजूला. कॅबिनेट पत्र्याचं, ते ठेवलेलं टेबलाखाली, पाठ भिंतीला टेकलेली, आणि मागे तारांचं जंजाळ. राउटर समोरच्या बाजूला असेल तर सगळा पत्र्याचा डबा मध्ये येतो. एकाच खोलीत फोन चालतो आणि डेस्कटॉप रडतो, त्याचं कारण बऱ्याचदा एवढंच असतं. खात्री करायची तर फोन हातात धरून नका बघू. तो कॅबिनेटच्या मागे, अगदी अँटेनाच्या जागी ठेवा आणि तिथे त्याची रेंज किती पडते ते पाहा.

आता वायफाय कुठून येतंय ते ओळखा. मदरबोर्डमध्येच असेल किंवा आत वेगळं कार्ड बसवलेलं असेल, तर मागे दोन छोटी सोनेरी, आटे असलेली टोकं दिसतील. त्यांच्यावर अँटेना फिरवून बसवायचे असतात. कितीतरी मशिनवर ही टोकं उघडीच असतात आणि अँटेना मदरबोर्डच्या खोक्यात, पिशवीतसुद्धा न उघडलेले. राउटर जवळ असला तर अँटेनाशिवायही वायफाय लागतं, म्हणून काही राहून गेलंय असा संशयच येत नाही. मग कोणी दार लावलं, कोणी मध्ये उभं राहिलं, की जोडणी तुटते. दोन्ही अँटेना बसवा, एक नव्हे, आणि बोटांनी घट्ट होतील एवढेच आवळा. पक्कड लावू नका, टोक आतून सैल होतं.

दांडीसारखे अँटेना असतील तर उभे ठेवा. दांडीच्या आजूबाजूला, कड्यासारख्या आकारात लहरी पसरतात आणि टोकाच्या दिशेने सर्वांत कमी जातात. त्यामुळे टोक राउटरकडे रोखून धरणं म्हणजे नेमकी कमजोर बाजू पुढे करणं. तारेवरचा, चुंबकाच्या बुडाचा अँटेना मिळाला असेल तर तो टेबलावर आणा. मी पाहिलेल्या तक्रारींपैकी पुष्कळ एवढ्यानेच मिटल्या आहेत.

जागा बदलताना वीतभर सरकवूनही बघा. घरगुती वायफाय बहुधा २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ या दोन पट्ट्यांत चालतं, आणि २.४ गिगाहर्ट्झच्या लहरीची लांबी सुमारे १२.५ सेंटिमीटर असते. भिंती, आरसे, लोखंडी कपाटं यांवरून उलटून आलेल्या लहरी मूळ लहरींत मिसळतात तेव्हा काही ठिकाणी त्या एकमेकींना मारतात, काही ठिकाणी जोर देतात. अशी मेलेली जागा आणि चांगली जागा यांत कधी कधी फक्त काही बोटांचं अंतर असतं.

यूएसबी डोंगल असेल तर

डोंगलवाल्यांसाठी, म्हणजे यूएसबी पोर्टमध्ये खोचायचं छोटं वायफाय उपकरण वापरणाऱ्यांसाठी, वेगळं लिहिणं भाग आहे, कारण इथे फसवणारा एक दोष आहे आणि मी स्वतः त्यात बरेच दिवस अडकले होते. माझ्या मशिनला मागच्या बाजूला वायफायचं डोंगल होतं आणि त्याच्या अगदी खालच्या निळ्या पोर्टमध्ये बॅकअपची बाहेरची हार्डडिस्क. दिवसभर काही नाही. संध्याकाळी बॅकअप सुरू झाला की राउटरचं पिंग ३ वरून ९०, मग ४००, मग 'टाइम्ड आउट'. बॅकअप संपला की पुन्हा ३. मला वाटायचं संध्याकाळी सगळेच नेट वापरतात म्हणून होतंय. एक दिवस बॅकअप सकाळी चालवला आणि तोच खेळ सकाळी दिसला, तेव्हा डोक्यात प्रकाश पडला.

कारण असं की यूएसबी ३ वरून ५ गिगाबिट वेगाने माहिती वाहताना पोर्ट, तार आणि उपकरण यांतून जो गोंगाट बाहेर पडतो तो २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातही पसरतो. इंटेलने २०१२ साली यावर सविस्तर टिपणच काढलं होतं. डोंगलचा अँटेना त्या पोर्टला खेटून असतो, मग त्याला लांबच्या राउटरचा बारीक आवाज ऐकू येणार कसा? डिस्क चालू असताना बिनतारी माउसही अडखळत असेल तर ही खूणच समजा, कारण तो बहुधा याच पट्ट्यात चालतो.

उपाय साधा आहे. मीटरभर लांबीची यूएसबी एक्स्टेन्शन तार घ्या आणि डोंगल कॅबिनेटपासून दूर, टेबलावर उंच जागी आणा. तार नसेल तर निदान डिस्क आणि डोंगल विरुद्ध बाजूंच्या पोर्टांत लावा. डोंगलला ५ गिगाहर्ट्झ चालत असेल तर त्यावर जा, तिथे या गोंगाटाचा त्रास फारसा होत नाही. नखाएवढ्या डोंगलवर मात्र फार भरवसा ठेवू नका. त्यात अँटेनाला जागाच नसते.

रेंजच्या काड्या सोडा, आकडा बघा

कोपऱ्यातल्या काड्यांवरून काही ठरवता येत नाही. विंडोजमध्ये 'नेटएसएच', 'डब्ल्यूलॅन', 'शो', 'इंटरफेसेस' हे चार शब्द जागा सोडून द्या. सिग्नल, चॅनेल (पट्ट्यातली एक मार्गिका), पट्टा, येण्याजाण्याचा वेग सगळं एका जागी दिसतं. विंडोज ११ च्या अलीकडच्या आवृत्तीत यासाठी लोकेशनची परवानगी चालू असावी लागते. मॅकवर ऑप्शन की दाबून धरा आणि वायफायच्या चिन्हावर क्लिक करा.

विंडोज टक्के दाखवतं आणि ते दिशाभूल करतात. खरं माप डीबीएममध्ये असतं आणि ते उणे असतं: शून्याच्या जितकं जवळ तितकं चांगलं. विंडोजच्या हिशेबात १०० टक्के म्हणजे उणे ५० आणि ० टक्के म्हणजे उणे १००. म्हणजे ५० टक्के सिग्नल हा उणे ७५ झाला, आणि उणे ७५ वर व्हिडिओ कॉल नीट चालण्याची आशा धरू नये. उणे ६५ च्या आसपास, म्हणजे विंडोजच्या भाषेत ७० टक्के, मिळत असेल तर सिग्नल पुरेसा आहे. हे माप गुणाकाराने चालतं हेही ध्यानात ठेवा. १० ने घट म्हणजे शक्ती दहाव्या हिश्शावर येते. त्यामुळे अँटेना टेबलावर आणून आकडा उणे ७८ वरून उणे ६८ वर आला, तर तो मोठा विजय आहे.

आकडा चांगला असूनही तुटत असेल तर मामला सिग्नलचा नाही. मग गर्दी, गोंगाट किंवा सॉफ्टवेअर.

पट्टा आणि चॅनेल

२.४ गिगाहर्ट्झ लांब पोचतो, भिंती बऱ्यापैकी ओलांडतो, पण तिथे दाटी फार. शेजाऱ्यांचे राउटर, ब्लूटूथ, बिनतारी माउस सगळे तिथेच. मायक्रोवेव्ह ओव्हनही २.४५ गिगाहर्ट्झच्या आसपास चालतो. तुमच्या कागदावर नेट जाण्याच्या वेळा आणि ओव्हन चालू असण्याच्या वेळा जुळल्या तर आणखी शोधायला नको. ५ गिगाहर्ट्झ वेगवान आणि मोकळा, पण भिंतीत लवकर दमतो. राउटर त्याच किंवा शेजारच्या खोलीत असेल तर डेस्कटॉपला ५ वरच ठेवा.

अडचण अशी की बहुतेक राउटर दोन्ही पट्ट्यांना एकच नाव देतात आणि कुठे जायचं ते मशिन ठरवतं. सीमेवरच्या जागी बसलेला डेस्कटॉप मग या पट्ट्यावरून त्या पट्ट्यावर उड्या मारतो, आणि प्रत्येक उडीला जोडणी क्षणभर तुटते. फोन हिंडताफिरता असतो, त्याला हे सोयीचं. डेस्कटॉप जागचा हलत नाही, त्याला या उड्यांची गरजच नाही. राउटरच्या सेटिंगमध्ये दोन्ही पट्ट्यांना वेगवेगळी नावं द्या आणि डेस्कटॉपला एकाशीच जोडा. ते जमण्यासारखं नसेल तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये अडॅप्टरच्या 'अ‍ॅडव्हान्स्ड' टॅबमध्ये 'प्रिफर्ड बँड' आणि 'रोमिंग अ‍ॅग्रेसिव्हनेस' हे पर्याय शोधा. पहिला ५ वर ठेवा, दुसरा कमीत कमी करा.

२.४ वरच राहायचं असेल तर चॅनेल १, ६ किंवा ११ यांपैकीच एक निवडा आणि रुंदी २० मेगाहर्ट्झ ठेवा. चॅनेलांमध्ये अंतर अवघं ५ मेगाहर्ट्झचं असतं, म्हणून ३ किंवा ८ सारखं मधलं चॅनेल घेतलं की दोन्ही बाजूंच्या शेजाऱ्यांशी टक्कर होते. एकाच चॅनेलवर असलेले राउटर एकमेकांचं ऐकून आळीपाळीने बोलतात. अर्धवट एकमेकांवर चढलेले नुसता कालवा करतात.

५ वर एक वेगळी खोड आढळते. ५२ ते १४४ या चॅनेलांवर रडारही चालतात, त्यामुळे राउटरला रडारची चाहूल लागली की तो चॅनेल सोडावा लागतो, आणि अशा नव्या चॅनेलवर बोलण्याआधी निदान मिनिटभर नुसतं ऐकावं लागतं. घरातली ५ वरची सगळी उपकरणं एकदम गळून मिनिटा-दोन मिनिटांनी परत येत असतील तर चॅनेल ३६ ते ४८ यांपैकी एखादं पक्कं करून बघा.

झोपी जाणारं कार्ड

थोडा वेळ काही केलं नाही की नेट जातं, किंवा मशिन स्लीपमधून उठल्यावर वायफाय सापडतच नाही, अशी तक्रार असेल तर वीज वाचवण्याच्या सोयीकडे बघा. डिव्हाइस मॅनेजरमध्ये नेटवर्क अडॅप्टर्सखाली वायफायचं कार्ड निवडा, प्रॉपर्टीजमध्ये 'पॉवर मॅनेजमेंट' टॅबवर जा आणि वीज वाचवण्यासाठी हे उपकरण बंद करू देण्याची जी खूण असते ती काढा. काही मशिनवर ही टॅबच दिसत नाही. मग पॉवर प्लॅनच्या प्रगत सेटिंगमध्ये 'वायरलेस अडॅप्टर सेटिंग्ज' असेल तर तिथे 'मॅक्सिमम परफॉर्मन्स' करा. लिनक्सवर नेटवर्कमॅनेजरच्या सेटिंगमध्ये वायफायचं 'पॉवरसेव्ह' २ केलं की ते बंद होतं. डेस्कटॉप बॅटरीवर चालत नाही, त्यामुळे ही बचत सोडून दिली तरी काही बिघडत नाही.

ड्रायव्हर आता, आणि तोही जपून

ड्रायव्हरला इतक्या उशिरा हात लावायला सांगते, कारण तो बदलला की आधीची स्थिती परत आणणं नवख्याला जड जातं. आधी कागद बघा: त्रास एखाद्या अपडेटनंतर सुरू झालाय का? तसं असेल तर नवा शोधू नका. प्रॉपर्टीजमध्ये 'ड्रायव्हर' टॅबवर 'रोल बॅक ड्रायव्हर' असतं, ते दाबून जुन्यावर या. त्रास पहिल्यापासूनच असेल तर मदरबोर्ड किंवा कार्ड बनवणाऱ्याच्या साइटवरून ताजा ड्रायव्हर उतरवून घ्या. ड्रायव्हर शोधून देतो म्हणणाऱ्या भलत्या प्रोग्रामच्या वाटेला जाऊ नका.

विंडोजकडे स्वतःची नोंदवहीही असते. कमांड प्रॉम्प्ट अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा आणि मघाचीच आज्ञा द्या, फक्त शेवटी 'इंटरफेसेस'ऐवजी 'डब्ल्यूलॅनरिपोर्ट' लिहा. गेल्या तीन दिवसांत वायफाय कधी जोडलं, कधी तुटलं आणि विंडोजच्या मते का, याचं पान तयार होतं. तुमच्या कागदावरच्या वेळा त्याच्याशी ताडून बघा.

जुनं कार्ड आणि नवा राउटर असेल तर सुरक्षेची सेटिंगही तपासा. राउटर डब्ल्यूपीए२ आणि डब्ल्यूपीए३ (वायफायच्या सुरक्षेची जुनी आणि नवी पद्धत) अशा मिश्र अवस्थेत असला की काही जुनी कार्डं अडखळतात. तात्पुरतं नुसतं डब्ल्यूपीए२ करून बघा. फरक पडला तर दोष कळला, आणि कार्ड बदलण्याचा विचार करायला पक्कं कारण मिळालं.

तार टाकता येत असेल तर

डेस्कटॉप एका जागी बसणारं मशिन आहे, आणि राउटरपर्यंत तार नेता येत असेल तर माझं मत तारेच्या बाजूने आहे. कॅट ५ई तारेतून १०० मीटरपर्यंत १ गिगाबिट वेग मिळतो, आणि भिंत, ओव्हन, शेजारी यांचा तिला काही फरक पडत नाही. कायमची तार शक्य नसली तरी तपासणीपुरती एक लांब तार जमिनीवरून नेऊन तासभर जोडा. तारेवरही राउटरचं पिंग अडखळलं तर कार्ड निर्दोष आहे, राउटर आजारी आहे.

काहीही बदल केलात की लगेच 'झालं' म्हणू नका. नेट तासात दोनदा जात असेल तर पिंग निदान तीन तास चालू ठेवा, दिवसातून एकदा जात असेल तर दोन दिवस. मग कंट्रोल-सी दाबा, किती पाठवले, किती हरवले, सर्वांत जास्त वेळ किती लागला हे तीन आकडे कागदावर उतरवा, आणि त्यापुढे काय बदललं होतं ते लिहा. आकडे सुधारले नसतील तर तो बदल पूर्ववत करा, आणि मगच पुढचा करून बघा.